जाहिरातीसाठी गाणं मागितलंय, सही करू का?

गिरगावचा_सूर
आमचा चौघांचा बँड आहे. लोअर परळच्या एका एजन्सीला आमचं एक गाणं मसाल्याच्या जाहिरातीसाठी हवंय, ३० सेकंदांची फिल्म. रक्कम आमच्या मानाने चांगली आहे. पण करारात ‘सर्व हक्क हस्तांतरित, सर्व माध्यमं, संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ असं लिहिलंय आणि सोमवारी सही हवीय. ढोलकी बाहेरच्या वादकाने वाजवली आहे. काय करू?

अंधेरी_वेस्ट
या मसुद्यावर सही करू नका. मी जाहिरातींच्या संगीताचे करार बघते आणि असा मसुदा पहिल्या फेरीत सगळ्यांनाच पाठवतात. बदल सुचवला म्हणून कोणी चिडत नाही.

त्यांना गाणं वापरायचंय, विकत घ्यायचं नाहीये. म्हणून हस्तांतर काढा आणि परवाना द्या: एक वर्ष, भारत, फक्त डिजिटल. टीव्ही हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे, वर्ष वाढवलं तर पुन्हा वेगळे. दुसऱ्या मसाल्याला याच काळात गाणं द्यायचं नाही अशी अट घालतील. ती मान्य करा, पण तिचीही किंमत लावा.

परवानग्या दोन लागतात. एक शब्द आणि चालीची, दुसरी रेकॉर्डिंगची. दोन्ही तुमच्याकडेच असतील तर भाव करताना तेच तुमचं बळ आहे. रेकॉर्डिंग एखाद्या लेबलला, म्हणजे म्युझिक कंपनीला, दिलं असेल, तर आधी तो करार काढून वाचा.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. म्हणजे ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातलाय. तो खोडायला सांगा.

चाळीतला_गीतकार
ताईंशी सहमत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही, करारात काहीही लिहिलं तरी. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, तिचे सभासद नसाल तर आधी व्हा, नाहीतर वाटा जमा तरी कुठे होणार?

गिरगावचा_सूर
लेबल नाहीये, सगळं आमचंच. ढोलकीवाल्या दादांना त्या वेळी रोख पैसे दिले होते, कागद काहीच नाही.

अंधेरी_वेस्ट
मग आज त्यांना भेटा. जाहिरातीत वापराला संमती असल्याचं लिहून घ्या आणि या पैशातला वाटाही द्या. त्यांची थाप ऐकूनच एजन्सीने गाणं निवडलं असेल. गायकाशिवायचा ट्रॅक आणि वाद्यांच्या वेगळ्या फाइल्स तयार ठेवा, एडिटर नक्की मागेल. पण त्या सही झाल्यावरच पाठवा.