हेडलाइट घासायचे की बदलायचे?

गिल्बर्टहून (ॲरिझोना, फीनिक्सजवळ), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या फराळाच्या मेलांमध्ये माझा हा मेल हरवू देऊ नका. आमची २०१२ सालची सेडान आहे. सव्वा लाख मैल झालेत, इंजिन ठणठणीत, पण पुढचे दोन्ही दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळट-पांढरे पडलेत. गाडी गावातल्या गावात फिरते, रस्त्यावर दिवे असतात, म्हणून इतके दिवस चालवून घेतलं. गेल्या आठवड्यात पेसनहून परतताना बीलाइन हायवेवर अंधार पडला आणि पोटात गोळा आला. एल्कची पाटी अगदी जवळ गेल्यावर दिसली. चकाकणारी पाटी इतक्या उशिरा दिसत असेल, तर खरं जनावर कधी दिसणार?

डिसेंबरात लेक साडेपंधरा वर्षांची होईल. शिकाऊ परमिट काढून ती याच गाडीवर शिकणार आहे, त्यामुळे आता टाळायचं नाही. डीलरने एका दिव्याचे ४१० डॉलर सांगितले. बंपर सोडवावा लागतो म्हणून मजुरी वेगळी. डिटेलिंगवाला दोन्ही घासून द्यायचे ९० मागतो. स्वतः घासायचं किट २० च्या आसपास मिळतं आणि ऑनलाइन नवी जोडी १३० ला दिसते. माझे बाबा सांगलीहून आलेत. ते म्हणतात, "आपल्या फियाटच्या काचा कधी पिवळ्या पडल्या नाहीत, टूथपेस्ट लावून बघ." तुमच्यापैकी कुणी हे केलंय का?


मेसाहून, रविवार सकाळी

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची आठवण अगदी बरोबर आहे. फियाटच्या दिव्यांना खरी काच होती, आणि काच उन्हाने पिवळी पडत नाही. अमेरिकेतही १९४० च्या मॉडेलांपासून काचेचे सीलबंद दिवेच असत. १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून इथे बल्ब बदलता येणारे, गाडीच्या तोंडवळ्याप्रमाणे घडवलेले दिवे आले आणि हळूहळू काचेची जागा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकने घेतली.

मी भोसरीत बावीस वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काढली, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. पॉलिकार्बोनेटचा दाणा साधारण १२० अंश सेल्सिअसवर तीन-चार तास सुकवूनच मशीनला घालायचा. जराशी ओल राहिली तरी तुकड्यावर चांदीसारखे पट्टे उठतात आणि माल थेट भंगारात जातो. माल हलका असतो, दगड लागला तरी काचेसारखा फुटत नाही, हवा तसा वळवता येतो. पण दोन दुखणी त्याला जन्मजात आहेत. ओरखडे लवकर पडतात आणि ऊन सोसत नाही. म्हणून लेन्सवर कारखान्यातच लॅकरचा एक कडक थर देतात. तुमच्या दिव्यांचा तोच थर संपलाय. २०२३ च्या उन्हाळ्यात आपण इथे फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान काढलं. गाडी त्यात उघड्यावर उभी असेल, तर थर किती टिकणार? तो आधी तडकतो, मग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्यानंतर खालचं प्लास्टिक पिवळं पडू लागतं.

टूथपेस्ट अजिबात लावू नका. ती बारीक पॉलिशचं काम करते, दोन-चार आठवडे बरं दिसतं, पण उरलासुरला थरही तिने जातो आणि वर नवीन काहीच बसत नाही. डास मारायचा फवारा लावायचे व्हिडिओ फिरतायत, ते तर त्याहून वाईट. त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं, म्हणून ते चकचकीत दिसतं. बाजूच्या रंगावर ओघळ गेला तर रंगही खराब होतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पैशांचा हिशोब नंतर करा, आधी दिव्यावर पाणी मारून बघा. लेन्स ओली असताना धूसरपणा गेला, तर दोष बाहेर आहे, घासून काम होईल. ओली करूनही पांढरी दिसली, तर दोष आत आहे आणि बाहेरून कितीही घासलं तरी जाणार नाही. मग टॉर्च लावून आत बघा. थेंब किंवा पाण्याच्या रेघा आहेत का? बल्बमागचा चांदीचा आरसा करपलाय किंवा त्याचे पापुद्रे निघालेत का? तसं असेल तर दिवा बदलण्याला पर्याय नाही.


टेंपीहून, रविवार दुपारी

ताई, मी दोन्ही करून बसलेय, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी किट आणून स्वतः घासलं. आधी दिव्याभोवती रंगावर चिकटपट्टी लावली, दोन पदर. मग ८०० नंबरचा सँडपेपर (घासकागद) पाण्यात भिजवून आडवं घासायला घेतलं. सुरुवातीला दुधात हळद कालवल्यासारखं पिवळं पाणी ओघळतं. पिवळेपणा संपून पाणी निव्वळ पांढरं यायला लागलं की समजायचं, जुना थर निघाला. माझा एका दिव्याला पाऊण तास लागला. मग १०००, २०००, ३००० (आकडा मोठा तसा कागद बारीक), दर वेळी दिशा बदलून. ८०० नंतर दिवा आधीपेक्षाही वाईट दिसतो, तिथे घाबरायचं नाही. शेवटी पॉलिश केल्यावर नव्यासारखा झाला आणि मी इतकी खूश झाले की किटमधला यूव्हीचा, म्हणजे उन्हापासून वाचवणारा, थर लावलाच नाही. जुलै संपायच्या आत दिवे परत पिवळे. कारखान्यातला थर मी स्वतः काढून टाकला होता आणि त्याच्या जागी काहीच दिलं नव्हतं, त्यामुळे आधीपेक्षा लवकर गेले. तेव्हा तो थर सोडू नका. पहाटे गॅरेजमध्ये, गार आणि कोरड्या लेन्सवर लावा आणि रात्रभर गाडी हलवू नका.

मग मी वैतागून ऑनलाइन स्वस्त जोडी घेतली. दिसायला लख्ख. पण डाव्या दिव्याचा झोत वर जायचा, समोरचे लोक हेडलाइट मारून दाखवायचे, आणि मेकॅनिकने स्क्रू पूर्ण फिरवला तरी तो पुरता खाली आला नाही. ट्रिपल ए या इथल्या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये अकरा वर्षं जुन्या गाड्यांच्या दिव्यांवर चाचण्या केल्या होत्या, त्यात हेच आलंय. गढूळ दिवे नव्याच्या जेमतेम वीस टक्के उजेड देतात. नीट घासले की साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत येतात. दुसऱ्या कंपन्यांचे नवे दिवे ८३ ते ९० टक्के उजेड देतात, पण झोताच्या दिशेत कमी पडण्याची शक्यता जास्त. मूळ कंपनीचे घेतले तर पूर्ण शंभर. माझ्या मते लेक शिकणार असेल तर १३० ची जोडी यादीतून काढूनच टाका.

आणि कुणी म्हणेल, लेन्स राहू द्या, आत एलईडी बल्ब घाला. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात तो बसवायला इथल्या नियमांत परवानगी नाही, आणि गढूळ लेन्समागे जास्त उजेड घातला तर तो चहूकडे फाकतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.


गिल्बर्टहून, मंगळवार रात्री

काका, वहिनी, मनापासून आभार. बाबांनी पाइप धरला आणि मी टॉर्च. उजवा दिवा ओला होताच आरपार दिसू लागला, बल्बसुद्धा स्पष्ट दिसला. डावा तसाच राहिला. टॉर्चने पाहिलं तर आत खालच्या कोपऱ्यात वाळलेल्या पाण्याची तपकिरी रेघ, आणि आरशावर नखाएवढा काळा डाग. कडेला केसासारखी बारीक चीरही सापडली, तिथूनच पाणी शिरत असणार.

म्हणजे डावा बदलायचा हे ठरलं. उजवा घासून ठेवू का? की जोडीनेच बदलू? चारशे डॉलरचा फरक आहे, आणि ते पैसे लेकीच्या ड्रायव्हिंगच्या शिकवणीला लागणार आहेत.


मेसाहून, मंगळवार रात्री

ताई, आधी डावा मूळ कंपनीचा बसवा आणि उजवा वहिनी म्हणतात तसा घासा. मग सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा नीट असू द्या, लो बीम लावा आणि दोन्ही झोत शेजारी-शेजारी बघा. वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा किंचित खाली हवी. एक-एक दिवा कापडाने झाकून पाहिलंत तर फरक स्पष्ट कळेल. उजव्याचा बल्बही नवा घाला. हॅलोजन बल्ब वयाबरोबर मंद होतो, आणि दोष लेन्सचा की बल्बचा हे मग कळत नाही. बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडला की तो तिथे तापून लवकर जातो.

भिंतीवर तुम्हाला समाधान वाटलं तर पैसे वाचवा. नाही वाटलं तर मागेपुढे पाहू नका. गाडी मी चालवणार असतो तर घासलेल्या दिव्यावर दोन वर्षं काढली असती, पण सोळा वर्षांच्या नवशिक्या मुलीला रात्री रस्ता ओळखणं आपल्यापेक्षा अवघड जातं, तिला चांगला उजेड हवा. आपल्याला वळण पाठ असतं, तिला ते पहिल्यांदा दिसत असतं.


गिल्बर्टहून, पुढच्या रविवारी

काका, काल संध्याकाळी ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या भिंतीवर पाहिलं. उजवा खरोखर छान निघालाय, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत लागतो. एकटा पाहिला असता तर मी तिथेच थांबले असते. पण शेजारी नव्याचा झोत पडला आणि लेकच म्हणाली, "आई, इकडची वीट दिसते, तिकडची नुसती भिंत दिसते." मी दोनदा कापड लावून पाहिलं. तिचं खरं होतं. नव्या दिव्यात विटांमधल्या सिमेंटच्या रेघा मोजता येत होत्या.

उजवाही मागवलाय, गुरुवारी बसेल. तोवर रात्री गाडी बाहेर काढणार नाही. घासलेला उजवा दिवा चांगल्या स्थितीत आहे. २०१२ ची तशीच गाडी कुणाकडे असेल तर फुकट घेऊन जा, फक्त यूव्हीचा थर दर वर्षी नवा द्या. २००० आणि ३००० चे कागद, पॉलिश आणि अर्धी बाटली थर उरलाय. पुढच्या रविवारी मराठी शाळेत आणते. आधी कळवलंत तर बाबा स्वतः तुमच्या दिव्यावर पाणी मारून सांगायला तयार आहेत.