मदत हवी आहे: विश्रामबागमधला ऑफिसचा रिकामा मजला

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आम्हा भावंडांचा दुसरा मजला आहे, अडीच हजार स्क्वेअर फुटांचा. एका विमा कंपनीचं ऑफिस होतं. कामं ऑनलाइन झाली, माणसं कमी झाली आणि त्यांनी जागा सोडली. तेव्हापासून बोर्ड लावलाय, विचारायला येतात ते फक्त एजंट. घरपट्टी मात्र बिगरनिवासी दरानेच चालू आहे.

धाकट्याचं म्हणणं, न्यूयॉर्कला रिकाम्या ऑफिसांचे फ्लॅट करतायत, आपणही करू. ऐकायला झकास! पण आमच्या मजल्याला खिडक्या फक्त पुढे आणि मागे. मधला भाग भर दुपारी दिवे लावल्याशिवाय दिसत नाही. संडास एकाच कोपऱ्यात जिन्यालगत. प्रत्येक खोलीला बाथरूम द्यायचं तर ड्रेनेजच्या उतारासाठी अख्खी फरशी उचलावी लागेल. खालचा दुकानदार गळती सहन करेल होय?

मला दोन पर्याय बरे वाटतात: स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, नाहीतर मिरजेला उपचारासाठी येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी डॉर्मिटरी. २०१९ च्या महापुरात पाणी इथवर आलं नव्हतं, म्हणून कुणी गोडाऊनही सुचवतं. पण लिफ्ट चार माणसांची.

वापर बदलायला महापालिकेची परवानगी कुणी घेतली आहे का? डॉर्मिटरीला फायरचे नियम किती कडक लागतात? अभ्यासिकेत वीजबिल जाऊन काही उरतं का? अनुभव असेल त्यांनीच सांगा. ‘विकून टाका’ हा सल्ला घरात रोज मिळतो.