मदत हवी आहे : वाइनमध्ये डी ड्राइव्ह रीस्टार्टनंतर रिकामा दिसतो

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचा संगणक आहे. विंडोज १० आणि लिनक्स मिंट २१.३ दोन्ही त्यावर आहेत. जुना बिलिंग प्रोग्राम वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) छान चालतो, प्रिंटसुद्धा येते (याचंच मला जास्त नवल!). पण त्याचा डेटा विंडोजच्या डी ड्राइव्हवर, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशनमध्ये आहे आणि तो मार्ग प्रोग्राममध्ये बदलता येत नाही.

वाइन कॉन्फिगरेशनच्या ड्राइव्हज टॅबमध्ये डी: अक्षर त्या पार्टिशनच्या माउंट फोल्डरला (लिनक्समध्ये पार्टिशन ज्या फोल्डरात उघडतं तो) जोडलंय. फाइल मॅनेजरमध्ये पार्टिशनवर एकदा क्लिक केलं की सगळं सुरळीत, जुनी बिलं उघडतात, नवी सेव्हही होतात. मशीन रीस्टार्ट केलं की डी: पुन्हा रिकामा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही बंद आहेत, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) नाही.

पार्टिशन फॉरमॅट करता येणार नाही, कारण जीएसटीचं काम अजून विंडोजमध्येच होतं. रॅम ४ जीबी, म्हणून व्हर्च्युअल मशीन सुचवू नका. दिवाणजींना रोज क्लिक करायला सांगणं तर अवघडच.

म्हणजे पार्टिशन बूट होतानाच आपोआप माउंट व्हावं म्हणून एफएसटॅबमध्येच (लिनक्समधली त्यासाठीची सेटिंग फाइल) नोंद करावी लागणार. तिथे एनटीएफएस-३जी ड्रायव्हर घ्यावा की कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एनटीएफएस३? आणि साध्या युजरला लिहिता यावं, पार्टिशन सापडलं नाही तरी बूट अडकू नये, यासाठी यूआयडी, यूमास्क, नोफेल हे पर्याय नेमके कसे लिहायचे?