मदत हवी आहे: पोरांच्या निबंधात सगळंच 'ड्राय', कुठं कोणता शब्द घालावा?

नमस्कार मंडळी, मी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका खेड्यात आठवी-नववीच्या पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मागच्या आठवड्यात 'आमच्या गावचा उन्हाळा' यावर एक पान लिहायला सांगितलं तर विहीर ड्राय, घसा ड्राय, मिरच्या ड्राय, भाकरी ड्राय, तूर ड्राय, आजोबाचा खोकला पण ड्राय. चूक म्हणवत नाही हो, आपल्याकडं उन्हाळ्यात दुसरं दिसतंच काय, एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा ही पोरं अंगणवाडीच्या वयाची होती आणि घराघरात तो उन्हाळा अजून निघतोच बोलण्यात.

मग मी गाईडातला समानार्थी शब्दांचा तक्ता फळ्यावर लिहून दिला, ॲरिड, पार्च्ड, विदर्ड, डिहायड्रेटेड, बॅरन असे सगळे, आणि तिथंच गडबड झाली. दुसऱ्या दिवशी एकाचा टॉवेल ॲरिड होता आणि एकीची आई बॅरन मिरच्या कुटत होती. तक्त्यात सगळे एका ओळीत बसलेले, मग पोरांनी कोणताही उचलला तर त्यांना काय म्हणणार?

रात्री बसून विचार केला तर वाटलं की आपण मराठीत कधी असं करतच नाही. विहीर आटते, कपडे वाळतात, घशाला कोरड पडते, जखम सुकते, पीक करपतं. कपडे आटले असं लहान लेकरू पण म्हणत नाही. म्हणून आता पोरांना सांगायलेय की आधी मराठीतला शब्द मनात आणा आणि मग इंग्रजीकडं जा. ॲरिड फक्त मुलखाला नाहीतर हवामानाला, टॉवेलाला नाही. विहिरीला 'रन ड्राय' किंवा 'ड्राइड अप'. मिरच्या उन्हात घालून वाळवल्या म्हणून 'ड्राइड', नुसतं ड्राय नको. आणि दुपारी सोयाबीन माना टाकतं पण सकाळी परत उठतं ते 'विल्ट', जे वाळून गेलं आणि परत उठत नाही ते 'विदर्ड', हे तर शेतातल्या पोरांना एका मिनिटात कळलं, मला समजवायलाच लागलं नाही.

आता जिथं अडले ते विचारते.

एका पोरानं लिहिलं, आमची म्हैस ड्राय आहे. म्हणायचं होतं भाकड आहे. मी लाल पेनानं काट मारली आणि अर्धा मार्क कापला. आता शंका यायलीय, बरोबर होतं का ते?

दुसरं, कोरडी भाकरी. म्हणजे वाळून कडक झालेली नाही, ताजीच, पण सोबत कोरड्यास, म्हणजे कालवण-भाजी, नाही अशी. हिला ड्राय म्हटलं तर वाचणाऱ्याला शिळी वाटणार नाही का?

तिसरं, एका पोरीनं ओला दुष्काळ 'वेट ड्राउट' असा लिहिलाय. सप्टेंबर २०२५ ला अतिवृष्टीत तिच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं, मनापासून लिहिलंय तिनं, कापायला हात होईना.

आणि कोरडा माणूस, कोरडी सहानुभूती, हे कसं सांगावं?

—

प्रतिसाद (परभणीहून):
ताई, म्हशीचा अर्धा मार्क परत द्या. इंग्रजीत दूध न देणाऱ्या गाय-म्हशीला ड्रायच म्हणतात. विण्याच्या साधारण ६० दिवस आधी दूध काढणं बंद करून जनावर आटवतात, त्या दिवसांना ड्राय पिरियड म्हणतात, आपल्या डेअरीच्या पुस्तकात भाकड काळ असतोय तोच. फक्त पोरांना बॅरन लावू देऊ नका, बॅरन म्हणजे वांझ. भाकड म्हैस उद्या विणार असती, तिला वांझ म्हणलं तर मालकाला लागंल.

तुमच्या तक्त्यातल्या पार्च्डबद्दल एक सांगतो, जमिनीला आणि तहानेनं सुकलेल्या घशाला तो चालतोच पण भाजलेल्या धान्याला पण तोच शब्द आहे, 'पार्च्ड ग्राम' म्हणजे आपले फुटाणे. पोरांना फुटाणे दाखवून सांगा, जन्मात विसरणार नाहीत. कोरडवाहू शेतीला मात्र ड्रायलँडच ठेवा, आमच्या कृषी विद्यापीठात हाच शब्द चालतो.

—

प्रतिसाद (बीडकडचा):
कोरडी भाकरी ड्राय चालतीय. इंग्रजीत पण लोणी न लावलेल्या टोस्टला ड्राय टोस्ट म्हणतात. शंका राहत असेल तर 'भाकरी विथ नथिंग' लिहू द्या, भुकेची गोष्ट त्यातच नीट कळते. कोरड्या माणसाला ड्राय नको, इंग्रजीत ड्राय बोलणं म्हणजे चेहरा न हलवता गंमत करणं, आपला कोरडा माणूस म्हणजे ज्याला कशाचं काही वाटत नाही तो, त्याला 'कोल्ड' बसतं. कोरड्या सहानुभूतीला 'एम्प्टी'. वेट ड्राउट आपल्या इकडच्या इंग्रजी पेपरात येतो पण बाहेरच्याला कळायचा नाही, तेव्हा पोरीला पुढं एक वाक्य जोडायला लावा की पाऊस इतका झाला की पीक सडलं. शब्द कापू नका तिचा.

—

धागा काढणारी:
दादा, दोघांचे पण खूप आभार. म्हशीचा मार्क आज संध्याकाळीच देते, आणि त्याच्या वहीत लिहून पण देते की बाईचं चुकलं होतं, कारण त्यानं गोठ्यात बघितलं ते बरोबर लिहिलं होतं आणि मी तक्त्यावर गेले. पोरीच्या ओल्या दुष्काळाला पुढचं वाक्य जोडून घेते.

आता एकच राहिलं. बोअर घेतलं आणि पाणी लागलंच नाही त्याला आपण 'कोरडं गेलं' म्हणतो, आणि दहा वर्षं पाणी देऊन संपलं त्याला 'आटलं'. दुसऱ्याला रन ड्राय बरोबर बसतंय. पण पहिल्यात तर कधी पाणीच नव्हतं, पैसे गेले ते वेगळेच, त्याला एका शब्दात काय लिहावं? तीन पोरांच्या वहीत हेच वाक्य आहे.