सायकलचे भाग: अ‍ॅल्युमिनियम नको
सायकलचे सुटे भाग डिशवॉशरमध्ये खुशाल घाला, असं काही जण सांगतात. प्लास्टिकपुरतं पटलं, अ‍ॅल्युमिनियमला मात्र अजिबात नाही. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते, ती अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाते. माझी चकचकीत पेडलं एका धुण्यात राखाडी, खडबडीत झाली आणि हाताला काळं लागायला लागलं. चेनचं ग्रीसही नको, त्याच जाळीत आपली ताटं धुतली जातात.

पावसाळ्यात आम्ही बेळगावातून जांबोटीकडे जातो, तेव्हा पाण्याच्या बाटल्या तांबड्या चिखलाने माखतात. आधी नळाखाली चिखल काढायचा, मग बाटल्या वरच्या कप्प्यात. तोंडाचा रबरी व्हॉल्व्ह सुटा करून जाळीच्या पिशवीत बांधा. काळी बुरशी त्या व्हॉल्व्हमध्येच दडते. बोअरचं जड पाणी असेल तर डिशवॉशरचं मीठ संपू देऊ नका, नाहीतर पांढरे डाग राहतात.