'हुतात्मा' की 'रक्तसाक्षी'?

रोमन काळातल्या ख्रिश्चनांवर लेख लिहितोय, मार्टिरला मराठीत हुतात्मा लिहिलं तर चालेल ना? वसईची एक मैत्रीण रक्तसाक्षी म्हणते, मला तो शब्द जरा जड वाटतो.

–

रक्तसाक्षीच लिहा हो. मूळ ग्रीक शब्द मार्तिस, म्हणजे साधा कोर्टातला साक्षीदार. आणि प्रकरण तसंच घडायचं, इ.स. ११२ च्या सुमाराला बिथिनिया या रोमन प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानात) गव्हर्नर प्लिनी सम्राट ट्राजनला पत्रात कळवतो की मी आरोपीला तीनदा विचारतो, तू ख्रिश्चन आहेस का, तिन्ही वेळा हो म्हणाला तर मृत्युदंड, आणि नाही म्हणून सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहिलं, ख्रिस्ताला शिव्याशाप दिले तर सुटका. म्हणजे जीव जायचा तो त्या एका 'हो'वर, स्वतःच्या तोंडानं दिलेल्या साक्षीवर. ट्राजनचं उत्तरही बघण्यासारखं आहे, यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी रीतसर आरोप केला नि सिद्ध झाला तर शिक्षा करा. म्हणून त्या काळापुरतं सरसकट 'शिरकाण' वगैरेही लिहू नका, 'खटले' जास्त बरोबर.

हुतात्मा शब्द मला फार प्रिय आहे, पण हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं, आणि या माणसांनी तर देवतांना अर्पण करायलाच नकार दिला होता!

–

धन्यवाद, पटलं. देवतांना बळी दिल्याचा जो कागद मिळायचा, त्या लिबेलुसला काय म्हणू, प्रमाणपत्र?

–

'दाखला' म्हणा. सम्राट डेशियसनं इ.स. २४९-५० मध्ये सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला तेव्हाचे असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत. अर्जदार लिहितो, मी कायम देवतांना अर्पण करत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर केलं, प्रसाद चाखला, आणि खाली अधिकाऱ्याची सही की आम्ही पाहिलं. काही ख्रिश्चनांनी बळी न देताच पैसे भरून दाखला मिळवला, पुढे चर्चमध्ये त्यांना परत घ्यायचं का यावर मोठा वाद झाला.

–

मध्येच बोलतो, स्मिर्नाच्या (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) बिशप पॉलिकार्पला जिवंत जाळायचा प्रयत्न झाला होता, त्याच्या मृत्यूच्या वृत्तांतात त्याला अर्पणासाठी निवडलेल्या मेंढ्याची उपमा आहे. त्याच्यापुरता हुतात्मा का नको?

–

हे मान्य, त्याला हुतात्मा लिहिलंत तर मी खोडणार नाही. पण त्यालाही आधी सगळ्यांसमोर विचारलंच होतं, आणि त्यानं मी ख्रिश्चन आहे असंच सांगितलं.