चढ सुरू होताच गाडी तुटते: आधी कपलिंग बदलावे की डीसीसी घ्यावे?

खाडीकाठ (चिपळूण)

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे आणि आम्ही दोघे मिळून गेली तीन वर्षे घराच्या वरच्या मजल्यावर एचओ, म्हणजे १:८७ मापाचे, कोकण रेल्वेचे मॉडेल उभारत आहोत. जुलै २०२१ च्या पुरानंतर तळमजल्यावर लाकडाचे काहीही ठेवायचे नाही, असे आमच्या घरी ठरले आहे. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत, सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या ५५९ मिलिमीटर आहे आणि पानवल नदीच्या पुलाची आठवण म्हणून केलेल्या उंच पुलाकडे मीटरमागे ३ सेंटीमीटर असा चढ जातो.

अडचण अशी की चार आयसीएफ (जुन्या पद्धतीच्या) डब्यांना कडी-आकड्याचे युरोपीय कपलिंग, म्हणजे डबे जोडण्याचे साधन, आहे, तीन एलएचबी (नव्या पद्धतीच्या) डब्यांना वळलेल्या बोटांसारखे एकमेकांत अडकणारे नकल कपलर आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये मी तांब्याची तार बांधून वेळ मारून नेतो. तरीही गाडी तारेपाशी तुटत नाही. ती चढाच्या अगदी पायथ्याशी, दोन एलएचबी डब्यांच्या मध्येच तुटते. पावसाळ्यात सहा आसांचे डिझेल इंजिनही गचके खात चालते. डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणारी डिजिटल पद्धत) घेतल्यास निदान हे गचके थांबतील, असे एका दुकानदाराने सांगितले. गणपतीला मुंबईहून सगळे येतात, तोपर्यंत गाडी नीट धावावी अशी मुलीची फार इच्छा आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. आधी काय करावे?

गार्डाचा डबा (रोहा)

आधी कपलिंग, आणि त्याच्याही आधी एक मोजपट्टी. आपण दिलेल्या माहितीत उत्तर जवळजवळ आलेलेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडी चढाच्या पायथ्याशी तुटते याचा अर्थ तेथे एक कपलर दुसऱ्याच्या खालून निसटतो. एलएचबी डब्याची २३.५४ मीटर लांबी १:८७ मापात सुमारे २७ सेंटीमीटर होते आणि चाकांच्या बोगीपुढे त्याचे टोक पाचेक सेंटीमीटर बाहेर येते. (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकगाडी, दुकानात मागणी करताना हा घोटाळा नेहमी होतो.) सपाटीवरून एकदम ३ टक्क्यांचा चढ लागला, की चढावरच्या डब्याचे मागचे टोक शेजारच्या डब्याच्या कपलरपेक्षा दीड मिलिमीटरपर्यंत खाली जाते. त्यात मुळातच दोन कपलरांच्या उंचीत मिलिमीटरभराचा फरक असेल, तर नकल एकमेकांत राहूच शकत नाहीत. म्हणून चढाची सुरुवात मोडून ती हळूहळू करावी: पहिले ३०-४० सेंटीमीटर १ टक्का, पुढे तेवढेच २ टक्के आणि मग ३ टक्के. खऱ्या कोकण रेल्वेचा चढ १५० ला १ यापुढे जात नाही आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नाही. ही त्रिज्या आपल्या मापात १४ मीटरांवर जाते, तेव्हा आपण सगळेच घरी डोंगराला फार तिरके घेतो. पण सुरुवात सौम्य करणे आपल्या हातात आहे.

कपलरची उंची रुळाच्या माथ्यापासून नकलच्या मध्यापर्यंत ९.९ मिलिमीटर असावी. केडी या कपलर बनवणाऱ्या कंपनीचे २०५ क्रमांकाचे उंचीमापक यासाठीच असते. ते एकदा घ्या, आयुष्यभर पुरते. कपलर खाली आला असेल, तर डब्याचा सांगाडा आणि बोगी यांच्यामध्ये फायबरचा पातळ वॉशर घालून डबा उचलावा. नकलखालची वाकडी पिन हे लोहचुंबकाने डबे सोडवण्याचे साधन आहे. आपण रुळात चुंबक बसवले नसतील, तर ती सरळ कापून टाका, कारण ती सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तेथे) अडकून गाडी रुळावरून उतरवते.

कडी आणि नकल यांच्यातल्या तारेबद्दल: ती काढा. आयसीएफ डब्यांना एनईएम ३६२ (युरोपीय मानकाची) खोबणी असेल, तर केडीचे १७ ते २० क्रमांकांचे कपलर त्यात सरकवून बसतात. १७ सर्वांत आखूड आणि २० सर्वांत लांब. आपल्या सर्वांत तीव्र वळणावर डबे एकमेकांना न घासता जो सर्वांत आखूड चालेल, तोच निवडावा. सगळे डबे बदलण्याची घाई नको. एकाच आयसीएफ डब्याच्या एका टोकाला कडी राहू द्या आणि दुसऱ्या टोकाला नकल लावा. हा दुभाषी डबा दोन्ही रेकांच्या मध्ये कायम राहील. एलएचबीला मध्यवर्ती कपलर आणि जुन्या आयसीएफला साखळी व बफर हेच प्रत्यक्षातही होते, त्यामुळे हे डोळ्यांना खटकतही नाही.

वजनही पाहा. अमेरिकेतील एनएमआरए या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला मुळात १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस वजन असावे. म्हणजे एलएचबीला सुमारे १८० ग्रॅम आणि आयसीएफला सुमारे १६५ ग्रॅम. हलका डबा जड डब्यांच्या मध्ये सापडला, तर वळणावर आत ओढला जाऊन उलटतो. वजन डब्याच्या तळाशी, दोन बोगींच्या दरम्यान चिकटवावे. शिवाय डब्याच्या लांबीच्या अडीचपट त्रिज्या असावी असा ढोबळ नियम आहे. एलएचबीसाठी ती ६७५ मिलिमीटर येते आणि आपली जेमतेम दुप्पट आहे. म्हणून तेथे वेग आणि ढकलगाडी (इंजिन मागे लावून डबे ढकलणे) दोन्ही टाळावीत.

सोल्डर (कुडाळ)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. डीसीसीने गचके थांबत नाहीत, उलट अधिक जाणवतात, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. साध्या डीसीवर (रुळातली वीज कमी-जास्त करून वेग ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत) चाकाचा संपर्क क्षणभर तुटला तरी इंजिन आपल्या वेगाने पुढे सरकते. डीसीसीत वीज आणि आज्ञा एकाच रुळातून येतात. संपर्क तुटला की डीकोडर (इंजिनातली, आज्ञा वाचणारी चकती) बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इंजिनाचा आवाजही पहिल्यापासून चालू होतो.

तेव्हा फार पैसे न खर्चता आताच करण्यासारखे काम म्हणजे फीडर, म्हणजे रुळांना जागोजागी वीज पोचवणाऱ्या तारा. रूळ बसवलेल्या फळीखालून २.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरिंगच्या दोन तारा पूर्ण मार्गाखाली फिरवा आणि साधारण दर मीटरला आखूड, बारीक तारेने त्या रुळांना सोल्डर करा. फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर वीज पुढे नेऊ नये. आपल्या हवेत त्या एका पावसाळ्यात सैल आणि काळ्या होतात. हीच वायरिंग पुढे डीसीसीला जशीच्या तशी चालेल. डीसीसी लावल्यावर प्रत्येक टोकाला दोन रुळांवर एक नाणे आडवे ठेवून पाहावे: कमांड स्टेशनने (डीसीसीच्या मुख्य पेटीने) लगेच वीज तोडली पाहिजे. ती तुटली नाही, तर तेथे तार अपुरी आहे, आणि खरा शॉर्ट झाला की एखाद्या डब्याची बोगी वितळेल.

इंजिन जुने असेल, तर डीकोडरसाठी आठ पिनांचे सॉकेट आहे का ते पाहा. नसेल, तर मोटरचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून विलग आहेत याची मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय तार लावू नका. त्यातला एक जरी सांगाड्याला टेकलेला राहिला, तरी डीकोडर पहिल्याच मिनिटाला जळतो. रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळाकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे. नव्या डीकोडरचा पत्ता (ज्या क्रमांकाने इंजिनाला आज्ञा देतात तो) ३ असतो. तो बदलणे हे मुलीसाठी पहिले काम म्हणून उत्तम आहे. मात्र जुना डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच मार्गाला एकाच वेळी कधीही जोडू नका, आणि डीकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळावर उभे करून ठेवू नका.

माड-पोफळ (देवगड)

ताईला शाबासकी सांगा. आमचे घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे, म्हणून फक्त खाऱ्या हवेबद्दल लिहिते. रुळांना पॉलिश पेपर कधीही लावू नका. त्याच्या ओरखड्यांत काळे अधिक साचते. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा आणि इंजिनाची चाके तर नक्की पुसा, कारण गचक्यांचे मूळ बहुतेक वेळा तेथेच सापडते. आषाढ-श्रावणात इंजिने सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवते. साध्या प्लायऐवजी मरीन प्लाय घेतल्यापासून माझे सांधे पावसात सरकलेले नाहीत.

खाडीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनापासून आभार. मापक अजून आलेले नाही, पण मुलीने पुठ्ठ्यावर ९.९ मिलिमीटरची खूण करून सातही डबे तपासले. ज्या दोन एलएचबी डब्यांमध्ये गाडी तुटत होती, त्यांतील एकाचा कपलर पाऊण मिलिमीटर खाली होता. वॉशर घातला, पिन कापली, आणि चढाच्या पायथ्याशी प्लायखाली पाचरी सरकवून ती सुरुवात सौम्य केली. काल संध्याकाळी गाडी सलग वीस फेऱ्या न तुटता फिरली. चाके पुसताना फडके काळेकुट्ट झाले आणि गचके बरेच कमी झाले. सांध्यावर एक अजून राहिला आहे. डीसीसी दिवाळीनंतर घेऊ. फीडरसाठी तार उद्या आणतो. सांध्याच्या आतल्या रुळांनाही वेगळे फीडर द्यावे लागतील का?

सोल्डर (कुडाळ)

हो, सांध्याच्या तिन्ही तोंडांना द्या. मधला फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) प्लॅस्टिकचा असेल, तर त्याला हात लावू नका. धातूचा असेल, तर सोल्डर करण्यापूर्वी त्याचा फोटो येथे टाका.